टेक्सासमध्ये सायलेन्सर आणि स्वसंरक्षणाचे पिस्तूल

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो व ग्रीनकार्डधारक आहे. स्वसंरक्षणासाठी बाळगायच्या पिस्तुलाला सायलेन्सर लावावा का, आणि १ जानेवारी २०२६ पासून त्यावरचा कर गेल्याने नोंदणीही गेली, असे समजावे का?

उत्तर : नाही. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट या शस्त्रविषयक केंद्रीय कायद्याखालील २०० डॉलरचा कर शून्यावर आला असला, तरी बोटांचे ठसे, छायाचित्र आणि एटीएफ या केंद्रीय शस्त्रनियंत्रण संस्थेची पूर्वमंजुरी या अटी कायम आहेत. कॅलिफोर्नियात तर सामान्य नागरिकाला सायलेन्सर बाळगताच येत नाही.

दुसरे उत्तर : शिवाय सायलेन्सरमुळे लांबी इतकी वाढते, की पिस्तूल कपड्यांखाली लपवणे अवघड होते. घरातील शस्त्राला तो कानांच्या दृष्टीने उपयुक्त आहे (चित्रपटांतल्यासारखा निःशब्द मात्र नव्हे!). रोजच्यासाठी हातात नीट बसणारे, नियमित सराव करता येईल असे ९ मिमी (गोळीचा व्यास) पिस्तूल पुरे.