मदत हवी आहे : पणजोबांची म्हणून सांगितलेली संगीन खरंच त्यांचीच का, कसं शोधायचं?

मेघा_चरई

नमस्कार मंडळी. ठाण्यात चरईतली आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली. खोल्या रिकाम्या करताना पोटमाळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली आणि तिच्या तळाशी गोणपाटात गुंडाळलेली ही संगीन. कातडी म्यान सुकून कडक झालंय, मूठ लाकडी, दोन स्क्रूंनी बसवलेली. पातं मोजलं तर १७ इंच भरलं. पात्याच्या मुळाशी एका बाजूला मुकुट, खाली 'जी आर', मग १९०७, त्याखाली ५ आणि १७, आणि 'सँडरसन' असं नाव. दुसऱ्या बाजूला बाणासारख्या खुणा, एक फुली आणि बारीक बारीक आकडे. एके ठिकाणी दोन बाणांची टोकं एकमेकांना भिडलेली आहेत.

घरात चालत आलेली गोष्ट अशी : पणजोबा महाडकडचे, पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला' गेलेले. तिथे इराकमधल्या कूट गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडले, घोड्याचं मांस खायला नाही म्हणाले, तुर्कांच्या कैदेतून सुटले आणि येताना ही संगीन घेऊन आले. आजी हे इतक्या ठासून सांगायची की कुणी उलट विचारलंच नाही.

आता यातलं १९०७ साल धरायचं की १७? वस्तूवरून शिपायाचं नाव सापडतं का? आणि घरात ठेवलेलं कायद्याने चालतं का? चुलतकाकांना एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने फोटो बघूनच भाव सांगितलाय, त्यामुळे ते घाईला आलेत. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

दर्यासारंग_नेरूळ

मेघाताई, १९०७ हे नमुन्याचं साल, बनावटीचं नाही. ब्रिटिशांनी ली-एन्फिल्ड रायफलसाठी लांब पात्याची संगीन मंजूर केली ती १९०७ मध्ये. कल्पना जपान्यांच्या आरिसाका रायफलच्या संगिनीवरून उचललेली. त्यामुळे या जातीच्या प्रत्येक संगिनीवर १९०७ असतंच. खालचे आकडे महिना आणि वर्ष : तुमची मे १९१७ ची. सँडरसन म्हणजे इंग्लंडातल्या शेफील्डचा कारखाना. 'जी आर' म्हणजे राजा पंचम जॉर्ज. बाण ही सरकारी मालाची खूण, फुली म्हणजे पातं वाकवून तपासल्याची. मुठीच्या लोखंडी टोकाला आरपार भोक आहे का बघा. घाण अडकू नये म्हणून ते १९१६ पासून पाडायला लागले, म्हणजे तुमच्या नगात असायला हवं.

यावरून आजींच्या गोष्टीचं एक टोक सुटतं. कूट पडलं २९ एप्रिल १९१६ ला. मे १९१७ मध्ये शेफील्डला घडलेली संगीन त्या वेढ्यात असणं शक्य नाही. आणि शरण गेलेल्या फौजेची हत्यारं आधी काढून घेतात, कैदी ती घरी आणत नाहीत. पणजोबा कूटला नव्हते असं मी म्हणत नाही. संगीन नव्हती, एवढं नक्की.

ते भिडलेले दोन बाण मात्र मला सगळ्यात आवडले. ती सरकारी साठ्यातून निकालात काढून विकल्याची खूण. म्हणजे चोरून आणलेली नाही, रीतसर बाहेर पडलेली वस्तू असावी.

नावाचं म्हणाल तर संगिनीवर शिपायाचं नाव नसायचं. अशा लाखो संगिनी बनल्या. कोठारातून दिल्या, परत घेतल्या, दुसऱ्याला दिल्या. फार तर पलटणीचं नाव आणि कोठारातला क्रमांक ठोकलेला मिळतो, तोही मुठीच्या टोकावर किंवा आडव्या पट्टीवर. तिथली काजळी मऊ फडक्याने आणि थोड्या तेलाने पुसा. पॉलिश पेपर, लिंबू, चिंच काही नको. ठाण्यात राहून पितांबरीला नाही म्हणणं जड जातं, पण तीही नको!

घोडबंदरी

त्या पात्यावरच्या लांब खाचेला रक्त वाहून जायची नाळ म्हणतात ना?

दर्यासारंग_नेरूळ

म्हणतात, पण तसं काही नसतं. खाचेमुळे पातं हलकं होतं आणि ताठपणा राहतो.

वकील_पाचपाखाडी

कायद्याबद्दल थोडक्यात. शस्त्र कायदा १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांहून लांब पात्याची संगीन शस्त्रातच धरली आहे, शोभेची वस्तू म्हणून सूट नाही. परवाना लागतो की नाही हे त्या भागाला लागू असलेल्या अधिसूचनेवर ठरतं, म्हणून स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी विचारा, पोच घ्या. ठाण्यात आणि नवी मुंबईत जमावबंदीबरोबर शस्त्र बाळगून फिरायला मनाईचे आदेश वरचेवर निघतात. तेव्हा ती पिशवीत घालून लोकलने कुणाला दाखवायला नेऊ नका, फोटो पाठवा.

काकांना सांगा, १०० वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते. व्यापाऱ्याचं गिऱ्हाईक परदेशातलं निघालं तर काका अडचणीत येतील. फोटोवर भाव करणाऱ्याला घाई असते, आपल्याला नसावी.

निवृत्त_हवालदार_घणसोली

ताई, संगीन बाजूला ठेवा, आधी पदकं शोधा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. १९१४-१५ चा तारा असेल तर त्याच्या पाठीवर. माणूस सापडतो तो तिथे. चांदीचं पदक घासू नका, कडेची अक्षरं झिजतात. बऱ्याच घरांत बायकांनी ती मोडून दागिने केले. तुमच्याकडे उरली असतील तर नशीब.

मेघा_चरई

हवालदारसाहेब, एक आहे! ट्रंकेत नव्हतं, काकूंच्या देवघरात कुंकवाच्या डबीखाली होतं. चांदीचं, एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस. काकू त्याला खंडोबा समजून हळद वाहायच्या. कडेवर नंबर, शिपाई, पणजोबांचं नाव आणि '११४ मराठाज'. (नाव इथे टाकत नाही, काका नको म्हणतात.)

आणि मुठीचं टोक पुसल्यावर आकडे दिसले : '१०/५', शेजारी 'एम', खाली २८७. भोकही आहे.

दर्यासारंग_नेरूळ

वा! आता जुळतंय. कूटमध्ये अडकलेल्या मराठा पलटणी १०३, ११० आणि ११७. ११४ त्यांत नव्हती. ती मेसोपोटेमियातच (म्हणजे आजच्या इराकमध्येच) होती, पण नंतरच्या मोहिमेत, ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकतच्या लढाईत. म्हणजे 'बसरा' खरं आणि कूट बहुधा गावातल्या दुसऱ्या कुणाची गोष्ट, घोड्याच्या मांसासकट तुमच्या घरात शिरलेली.

१०/५ वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. १९२२ च्या फेररचनेत जुन्या पलटणी मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १०३ ची पहिली बटालियन झाली, ११४ ची दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची, बेळगावला. १०/५ म्हणजे या पाचवीची दहावी बटालियन. तुमच्या संगिनीवर ठोकलेली पलटण ही पणजोबांच्याच पलटणीचं पुढचं रूप आहे. २८७ हा कोठारातला क्रमांक, तो पदकावरच्या नंबराशी जुळवत बसू नका.

पणजोबा १९२२ नंतर नोकरीत होते का, हा आता खरा प्रश्न. असले तर ही संगीन त्यांनी हाताळलेली असू शकते, किंवा निकालात निघाल्यावर आपल्या पलटणीची म्हणून विकत घेतलेली. 'त्यांच्या पलटणीची' असं छातीठोक सांगा. 'त्यांची' म्हणायला कागद लागेल.

घोडबंदरी

युद्धस्मारकांच्या याद्या नेटवर आहेत ना? बसरा स्मारकावर ४०,००० हून जास्त नावं आहेत म्हणे.

निवृत्त_हवालदार_घणसोली

ती कामी आलेल्यांची. पणजोबा घरी परतले, त्यांचं नाव तिथे कसं असेल? पंजाबवाल्यांचं बरं, लाहोरच्या संग्रहालयातली शिपायांची रजिस्टरं सापडली, ३,२०,००० नावांची. आपल्याला पायपीट करावी लागते. गावाच्या जुन्या शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे का बघा, 'या गावातून इतके लोक महायुद्धास गेले' अशी. तिच्यावर नावं नसतात, नुसते आकडे. पण पाटी असली की म्हातारी माणसं घरं सांगतात, आणि एखाद्या घरात पेन्शनचं बुक निघतं. पेन्शन बुकात नोकरी कधी संपली ते कळेल.

मेघा_चरई

आजोबांच्या कागदांत पेन्शन बुक बघते. नसेल तर बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरला लिहायचं म्हणते. पत्रात काय काय द्यायचं?

निवृत्त_हवालदार_घणसोली

पदकाच्या कडेचा स्वच्छ फोटो, नंबर जसाच्या तसा, पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट, जात जुन्या कागदात असेल तशी, गाव आणि तालुका. जिल्हा रायगड लिहू नका, त्या काळच्या नोंदीत महाड कुलाबा जिल्ह्यात मिळेल. संगिनीचे फोटो वेगळ्या पानावर जोडा. आणि पत्राची एक प्रत ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेऊन द्या, पुढे कुणाला गाठायचं ते तिथली माणसं सांगतील.