कपोत आमच्या वावरातूनही दिसतो

कुणीतरी म्हटलंय, कपोत हा दक्षिणेकडचा तारकासमूह बघायला कन्याकुमारी गाठावी लागते. कशाला? फेब्रुवारीत आमच्याकडे यवतमाळला शेतीची लाईन, म्हणजे वीज, रात्रीचीच, गव्हाला पाणी देत धुऱ्यावर बसणं आलंच. नऊला मृग माथ्याजवळ येतो. त्याच्या पायाखाली ससा, त्याखाली पळसाच्या शेंड्यावर दोन ठळक तारे. तोच कपोत, क्षितिजापासून चांगला ३५ अंश वर. प्लॅन्सियस या नकाशाकाराने १५९२ साली मांडलेला.

खरी गंमत त्यातल्या म्यू ताऱ्याची. जेमतेम पाचव्या प्रतीचा, म्हणजे डोळ्यांना कसाबसा दिसणारा, पण मूळचा मृगातला. सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी तिथून भिरकावला गेलेला. परवा बॅटरी विझवून तो शोधला, तेवढ्यात दांड फुटून पाणी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात.