ओझरचं मिग आणि मॉस्कोची मराठी पुस्तकं

प्रश्न – गंगापूररोडकर:
बाबा नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे सरकारी विमान कारखान्यात होते. त्यांच्या ट्रंकेत मॉस्कोच्या 'प्रगती' आणि 'रादुगा' प्रकाशनाची मराठी पुस्तकं निघाली. छपाई झकास, किंमत अगदीच किरकोळ. सोव्हिएत सरकारला हे परवडायचं कसं? निव्वळ प्रचारच ना?

निवृत्त_फिटर:
प्रचार होताच, नाकारायचं कशाला? तोटा सरकारच सोसायचं. पण तेवढ्यावर बोळवण करू नका. ओझरचा कारखाना १९६४चा, मिग-२१ या रशियन लढाऊ विमानासाठी. रशियन तज्ज्ञ वर्कशॉपमध्ये उभे राहून शिकवायचे. भाषेची बोंब, पण राज कपूरचं नाव काढलं की गडी खुलायचा! मात्र पुस्तकं आणि सिनेमामुळे दोस्ती झाली असं मानू नका. १९७१ला अमेरिका चीनशी जुळवून घेत होती, म्हणून ऑगस्टमध्ये आपला सोव्हिएत संघाशी मैत्री करार झाला. डिसेंबरच्या युद्धात सुरक्षा परिषदेत त्यांनी आपल्यासाठी नकाराधिकार वापरला, तो हिशेब करूनच. पुस्तकांनी फार तर लोकांच्या मनात जागा केली.

सातपूरची_मास्तरीण:
काका, 'फार तर' कसं? तीच तर खरी कमाई. आणि आपणही गप्प बसलो नव्हतो. आपली संस्कृती परदेशात पोचवणारी सरकारी संस्था आयसीसीआर १९५० पासून आहे. १९८७-८८मध्ये तिकडे भारत महोत्सव झाला, इकडे त्यांचा.

गंगापूररोडकर:
मग १९९१ला सोव्हिएत संघ फुटल्यानंतर?

निवृत्त_फिटर:
स्वस्त पुस्तकांचा ओघ आटला. विमानांचा नाही. सुखोई-३० ओझरलाच बनली की!