मदत हवी आहे: गाळाच्या कोअरच्या तारखा उलट्या येतायत

चिखलपरी
गुरुवारी गाईडना आकृती द्यायची आहे. तळ्याच्या गाळाच्या कोअरच्या (नळीने काढलेला उभा नमुना) कार्बन-१४ च्या पाच तारखा हातात आहेत आणि जुळत नाहीत. सगळ्यात वरच्या थराचं वय शून्याच्या आसपास हवं, ते हजाराच्या वर येतंय. त्यात तिसरी तारीख तिच्याखालच्या चौथीपेक्षा जुनी! गाईड म्हणतात चौथी काढून टाक. तळ्यावरून बर्फ कधी हटलं हे दाखवायचंय. काढू का?

दगडफोड्या
कुठलं तळं? लोणार?

चिखलपरी
लिहायचं राहिलं. अंटार्क्टिका, शिर्माकर ओअ‍ॅसिस, भारताच्या मैत्री केंद्राजवळचं तळं. लोणार कुठून आलं?

दगडफोड्या
बर्फाचं वाचलंच नाही, चूक झाली. पण लोणारच्या गाळात गेलुसाइटचे स्फटिक सापडलेत, तळं आटलं होतं त्या काळातले. कधीतरी बघ, भन्नाट आहे.

निवृत्त_मास्तर
वरचा थर जुना येतो तो चुनखडीमुळे. विरघळलेला जुना कार्बन शेवाळात जातो. आमच्या वेळी हे पहिल्या वर्षाला शिकवायचे.

बर्फाळ_कोकणी
मास्तर, शिर्माकरला चुनखडी कुठली? तिथे नाइस खडक. जुना कार्बन येतो हिमनदीच्या वितळपाण्यातून, बर्फात अडकलेल्या जुन्या हवेतला. शिवाय तळं वर्षातले बरेच महिने गोठलेलं, हवेशी देवाणघेवाण बंद. @चिखलपरी, तारखा कशावर काढल्यात?

चिखलपरी
गाळावर.

बर्फाळ_कोकणी
अगं, गाळातल्या कशावर? शेवाळाचा थर, मॉस की सरसकट बल्क?

स्वालबार्डवाला
बल्क कधीच करू नये. मी स्वालबार्डच्या तळ्यांवर काम केलंय. तिथल्या काही खोऱ्यांत खडकातच कोळसा, बल्क केलं की वय भलतंच फुगतं. बुटक्या विलोची पानं चाळून काढ, त्यांवर तारीख घे.

बर्फाळ_कोकणी
अंटार्क्टिकात पानं? फुलझाडांच्या दोनच जाती, त्याही द्वीपकल्पाकडे. मॉस मिळालं तरी पाण्यातलं असेल तर तेही तळ्याचाच कार्बन खातं.

स्वालबार्डवाला
मग वरच्या, अलीकडच्या थरांना शिसं-२१० आणि सीझियम-१३७ लाव.

बर्फाळ_कोकणी
शिसं दीडशे वर्षांपलीकडे जात नाही, आणि गाळ इतका सावकाश साचतो की तेवढा काळ वरच्या चिमूटभरात संपतो. सीझियम अणुचाचण्यांतलं, दक्षिण गोलार्धात पडलंच कमी.

थंडोबा
एवढी यातायात कशाला? अंटार्क्टिकाच्या पठारावरच्या डोम सी च्या बर्फाच्या कोअरमध्ये ८ लाख वर्षांचं हवामान आहे. तेच वापरा.

चिखलपरी
माझ्या तळ्यावरून बर्फ कधी हटलं ते डोम सी कसं सांगणार? :(
बल्कच आहे. पहिली, दुसरी, चौथी काळ्या शेवाळाच्या थरातून. तिसरी करड्या पट्ट्यातून. पाचवी तळाच्या करड्या चिकणमातीतून.

बर्फाळ_कोकणी
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! गडबड चौथीत नाही, तिसरीत आहे. करडा पट्टा म्हणजे बारीक खडकपीठ, सेंद्रिय नावाला. वितळपाणी वाढलं असेल नाहीतर काठाचा जुना गाळ आत घसरला असेल. पट्ट्यातल्या डायटम (काचेच्या कवचाची सूक्ष्म शेवाळं) बघ. पाचवीवरही विसंबू नकोस. चौथी ठेव, पण ती बर्फ हटल्याचं *किमान* वय म्हणून. काळा थर साचला तेव्हा तळं मोकळं होतं, एवढंच ती सांगते.

निवृत्त_मास्तर
वरच्या थराचं वय सगळ्यांतून वजा करा, झालं.

बर्फाळ_कोकणी
वजाबाकी कॅलिब्रेट करायच्या (कार्बनचं वय कॅलेंडरच्या वर्षांत बदलायच्या) आधी, आणि वक्र एसएचकॅल२०, म्हणजे दक्षिण गोलार्धाचा, उत्तरेचा नव्हे. तरी ती कच्चीच. बर्फाची कड तळ्याला भिडलेली असताना जुना कार्बन जास्त यायचा, कड मागे गेली तसा कमी झाला. आजची चूक तेव्हाच्या थराला कशी लावणार? आसपासच्या हिमोढाच्या (हिमनदीने टाकलेल्या ढिगाच्या) धोंड्यांवर बेरिलियम-१० ची तारीख, म्हणजे धोंडा बर्फाबाहेर कधी उघडा पडला ती, कुणी काढली असेल तर तिच्याशी ताडून बघ.

पुणेकर_१९
मैत्रीला जायचं तर अर्ज कुठे करायचा?

दगडफोड्या
गोव्याच्या एनसीपीओआरची (ध्रुवीय संशोधन केंद्र) जाहिरात येते. बाय द वे, मैत्रीवाले पिण्याचं पाणी प्रियदर्शिनी तळ्यातून घेतात.

थंडोबा
म्हणजे गाळ काढतात तेच पाणी पितात??

चिखलपरी
माझं तळं वेगळं आहे. @बर्फाळ_कोकणी, "किमान वय" हे गाईडना कसं पटवू? त्यांना एकच आकडा हवाय.