लेखापालाचा ‘अंतिम’ हिशेब आणि दरखास्त

वडिलोपार्जित मिळकतीचा हिशेब करण्यासाठी वारसांनी मिळून नेमलेल्या सनदी लेखापालाचा निर्णय ‘अंतिम व बंधनकारक’ असे लिहून घेतले की त्यावर थेट दरखास्त (न्यायालयामार्फत अंमलबजावणीचा अर्ज) लावता येते, हे मत काही जण मांडतात; ते मला मान्य नाही. दरखास्त हुकूमनाम्याची, म्हणजे दाव्यात न्यायालयाने दिलेल्या निर्णयाची असते. १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ३६ ने ते बळ लवादाच्या निवाड्याला दिले आहे, परंतु उभय पक्षांचे म्हणणे ऐकून वाद निकाली काढण्याऐवजी केवळ आकडे ठरवून देणाऱ्या तज्ज्ञाचा अहवाल सहसा त्यात बसत नाही. तो कराराने बांधतो आणि त्यासाठी दावाच करावा लागतो.

वाटपाचा दावा आधीच चालू असल्यास मात्र मार्ग पुष्कळ सोपा होतो. पंचवटीतील आमच्या नात्यातल्या भावंडांनी दुकानाच्या उत्पन्नाचे लेखापालाने ठरवलेले आकडे सर्वांच्या सह्यांनिशी तडजोडपत्रात उतरवले आणि नाशिकच्या दिवाणी न्यायालयातून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ खाली हुकूमनामा मिळवला. त्यांच्यात एक पुतण्या अज्ञान (वयाने सज्ञान न झालेला) होता, म्हणून आदेश ३२, नियम ७ प्रमाणे न्यायालयाची परवानगी आधी घ्यावी लागली. ती वगळली असती, तर त्याच्या वतीने सगळी तडजोड रद्द करून मागता आली असती.