पेनड्राइव्ह इजेक्ट न करता उपटावा का?

परवा गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात एका मुलीचा प्रबंध गेला. प्रिंट हातात आली, तिने पेनड्राइव्ह उपटला. घरी लावला तर फोल्डरमध्ये नावांच्या जागी नुसती चित्रविचित्र अक्षरं. माझं ठाम मत आहे, संगणकावर 'इजेक्ट' दाबून ड्राइव्ह सुरक्षितपणे सोडवल्याशिवाय त्याला हात लावू नये.

प्रतिसाद १
असहमत. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, 'क्विक रिमूव्हल' हीच मूळ सेटिंग आहे. लिहायचा मजकूर कॅशमध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या साठ्यात, अडकवून ठेवलाच जात नाही. कॉपी संपली, दिवा लुकलुकायचा थांबला, की काढा. शिवाय प्रिंट काढताना ड्राइव्ह फक्त वाचला जातो, मग बिघडेल कसा?

धागाकर्ता
फक्त वाचला गेला नव्हता. तिने तिथेच समास बदलून फाइल सेव्ह केली होती आणि वर्ड उघडंच होतं. फॅट३२ या फाइल सिस्टिमवर (ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायची पद्धत) एक फाइल सेव्ह होते तेव्हा मजकूर, फॅट तक्ता (फाइलचे तुकडे कुठे आहेत त्याची यादी) आणि फोल्डरमधली नोंद अशा तीन जागी लिहावं लागतं. मधेच तुटलं की तिन्हींचा मेळ बसत नाही. इजेक्ट दाबलं असतं तर 'ड्राइव्ह वापरात आहे' असं विंडोजनेच सांगितलं असतं. क्विक रिमूव्हल असलं तरी ही सूचना इजेक्ट दाबल्यावरच मिळते.

प्रतिसाद २
धागाकर्त्याशी सहमत. मी उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) वापरते. ४ जीबीची फाइल टाकली की पट्टी झरझर भरते, पण बराचसा मजकूर अजून रॅममध्येच असतो. मूळ सेटिंगमध्ये तो ३० सेकंद जुना होईपर्यंत कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, थांबू शकतो. 'सिंक' (रॅममधला मजकूर ड्राइव्हवर लिहून टाकणं) किंवा 'अनमाउंट' (लिनक्समधलं इजेक्ट) केल्याशिवाय मी ड्राइव्ह काढत नाही.

प्रतिसाद १
लिनक्सचं मान्य. पण विंडोजवाल्यांनी ड्राइव्ह एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट करावा, त्याला जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, आहे. एक्सफॅट या दुसऱ्या फाइल सिस्टिमला तेही नाही. रोज दहा वेळा ड्राइव्ह लावणाऱ्या माणसाने दर वेळी इजेक्ट करत बसायचं, हे मला पटत नाही.

प्रतिसाद २
एनटीएफएसचं जर्नल फाइल सिस्टिमची रचना सांभाळतं, तुमचा मजकूर नाही. अर्धी लिहिलेली फाइल अर्धीच राहणार. इजेक्टला दोन सेकंद लागतात, प्रबंधाला दोन वर्षं. धागाकर्ते, त्या ड्राइव्हवर आता काही लिहू नका. दुरुस्तीआधी त्याची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, घ्या.

धागाकर्ता
इमेज घेतली, मग तिच्या प्रतीवर चेकडिस्क (विंडोजचं दुरुस्तीचं साधन) चालवलं. त्याने बनवलेल्या 'फाउंड.०००' फोल्डरमध्ये बिननावाचे तुकडे मिळालेत, एकेक उघडून बघतो आहे. दोन अध्याय सापडले. तिसरा अजून नाही.