बायबलवर्ग आणि बचतगट एकाच सतरंजीवर?

गुरुवारपेठी
ख्रिस्ती संस्थांनी सुवार्ता (येशूचा संदेश) सांगावी की नाही, हा वाद इथे नको. त्यावर पुण्यात १८९० च्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेण्यावरून पेटलेल्या वादापासून भरपूर शाई सांडून झाली आहे. माझा मुद्दा कामाच्या मांडणीचा आहे. बायबलवर्ग आणि बचतगट एकाच माणसाने, एकाच जागी, एकाच दिवशी चालवू नयेत.

रविवारी उपासना संपली की त्याच सतरंजीवर गटाची बैठक. सुरुवात सोयीपोटी होते: बायका जमलेल्याच असतात, पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) हिशेब लिहिता येतो, कपाटाला कुलूप असतं. मग गावातल्या इतर बायका येईनाशा होतात, किंवा कर्जासाठी आधी उपासनेला बसतात. अध्यक्षपद आपसूक पाळकांच्या पत्नीकडे जातं. एखादीचा हप्ता थकला की ती उपासनेलाही येत नाही, म्हणजे पैसाही अडकला आणि मंडळीतलं (चर्चच्या समुदायातलं) माणूसही तुटलं.

उपाय अवघड नाहीत. बैठक अंगणवाडीत किंवा समाजमंदिरात, आठवड्याच्या मधल्या वारी. बँकेत सह्या गटातल्याच बायकांच्या, पाळकांच्या घरातली एकही नाही. कोणाचं किती येणं आहे ते दर बैठकीत मोठ्याने वाचायचं. महिना २ टक्के व्याज ठरलं असेल तर ते सगळ्यांना सारखं. 'आपल्या' बाईला एकदा सूट दिली की गट संपला समजा.

केडगाव_शटल
वेगळं ठेवण्याचा प्रयोग याच शहरात होऊन गेलाय. पंडिता रमाबाईंनी शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत काढलं आणि १८९० मध्ये पुण्यात आणलं. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा, आणि धर्मशिक्षण द्यायचं नाही असं ठरलेलं. सल्लागारांत रानडे आणि भांडारकर. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये सल्लागार बाहेर पडले, घरच्यांनी मुली काढून नेल्या. नियम कागदावर पाळलाच होता! तुम्ही जागा वेगळी कराल, वही वेगळी कराल. माणसाची दोन माणसं कशी करणार?

रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती मिशनची तऱ्हा उलट. पाटी उघडउघड ख्रिस्ती. १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी शेती, विणकाम, छापखाना; अंध बायकांना ब्रेल. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यात छापलं गेलं. तिथे छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवणाऱ्या बाईच्या कामातला रोजगार किती आणि धर्म किती, ते तुम्हीच वेगळं करून दाखवा. मला तरी उघड पाटी जास्त प्रामाणिक वाटते.

गुरुवारपेठी
पाटी वाचून मागे फिरायची सोय असेल तरच तिचा प्रामाणिकपणा कामाचा. शारदा सदनातल्या मुलींना निदान न्यायला कोणी आलं. दुष्काळातून आलेल्या अनाथ मुलीला कोण न्यायला येणार होतं? रमाबाईंनी तिला जगवलं हे मोठंच, पण त्याला निवड म्हणू नका. आज वीटभट्टीवरच्या कुटुंबाबद्दलही हेच विचारावं लागेल: पाच-सात किलोमीटरात दुसरी शाळा, दुसरा दवाखाना आहे का? नसेल तर तिथे तुम्ही जास्त जपून वागायला हवं.

जमाखर्च
निम्मा वाद कायद्यानेच मिटवलाय. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी उद्देशानुसार असते: धार्मिक, सामाजिक, शैक्षणिक, आर्थिक, सांस्कृतिक. सामाजिक कामासाठी आलेल्या परदेशी पैशातून बायबलं घेतली की तो हेतूबाह्य वापर. हेतू कितीही चांगला असो.

२०२० च्या दुरुस्तीने तीन गोष्टी बदलल्या. परदेशी पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देणं बंद झालं. यातली तिसरी सगळ्यात जड गेली. शहरातली मोठी संस्था निधी घेऊन खेड्यातल्या छोट्या ट्रस्टला देत असे, ती वाटच बुजली.

यावरची पळवाट म्हणजे खेड्यातल्या पाळकालाच 'क्षेत्र समन्वयक' म्हणून पगारावर घेणं. पगार एक, कामं दोन. तपासणीत इथेच अडकायला होतं. रोजची कामनोंद हवी, कोणते तास कोणत्या कामाचे ते त्यात दिसायला हवं. पाळकपणाचा वाटा स्थानिक दशमांशातून (मंडळीतले लोक उत्पन्नाचा दहावा हिस्सा देतात त्यातून) द्यायचा. पेट्रोलचंही तसंच: लॉगबुकात नुसतं 'गावभेट' लिहू नका, कशासाठी ते लिहा. परदेशी पैशाचं वार्षिक विवरण, म्हणजे एफसी-४, ३१ डिसेंबरपर्यंत. ते मार्चअखेरीपासूनच जुळवत आणलं नाही तर डिसेंबरात पावत्या शोधत बसाल.

चौथा_कट्टा
पावत्या स्वच्छ ठेवून काय होणार? आमिषाची पावती कोणी फाडत नाही. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की राज्यघटनेच्या कलम २५ मधला धर्मप्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. मोफत शिकवणी द्यायची आणि शेवटी डोळे मिटून प्रार्थना घ्यायची, हे पोरांना सांगून-सवरून होतं का? आई-बापांची लेखी संमती घेता का?

नगरकर_सध्या_हडपसर
संमतीचा मुद्दा मान्य, घ्यायलाच हवी. प्रार्थना शिकवणीनंतर ठेवा आणि मधे पोरांना घरी जायला मोकळा वेळ द्या, म्हणजे थांबणारं पोर आपणहून थांबलेलं असेल.

पण आमिषाचा हिशेब घेणाऱ्याच्या बाजूनेही मांडा. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना, १९९० पासून बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्या दलिताचं ते आरक्षण जातं, अॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही जातं. इतर मागासवर्गात जागा मिळते, पण ती बरोबरीची नव्हे. शिवणयंत्रासाठी एवढं कोण सोडतं? म्हणून लाभार्थी यादीत धर्माचा रकाना ठेवूच नये, असं माझं मत. तो कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

पाणलोट
इतका वेळ कोणी पाण्याबद्दल बोललं नाही, नवल आहे. स्विस जेसुइट (एका कॅथलिक संघाचे) फादर हर्मन बाखर यांनी उभा केलेला इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम बघा. पुण्यात कार्यालय असलेला वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट १९९३ मध्ये त्यातूनच निघाला. तिथे गावाला अटी होत्या त्या श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी अशा. बायबलवर्ग कुठेच नाही, आणि तरी काम उभं राहिलं.

मंडळीच्या ट्रस्टने हे काम हाती घेतलं तर घाई होते ती ओढ्यातल्या बंधाऱ्याची. त्यावर पाटी लावता येते ना! माथ्यावर चर नसतील तर तो बंधारा दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरतो. माथा ते पायथा हा क्रम सोडू नये. समपातळी चर (एकाच उंचीच्या रेषेवर खणलेले) साधारण ६० सेंमी रुंद, ३० ते ४५ सेंमी खोल, आणि आखणी नळी-पातळीने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) पातळी जोखूनच. नजरेने आखला की पाणी सखल टोकाला धावतं आणि तिथे चर फुटतो. माती उताराच्या खालच्या अंगाला टाकायची, आणि चरापासून थोडं अंतर सोडून, नाहीतर पहिल्या वळवातच ती परत आत.

नगरकर_सध्या_हडपसर
अटींचं कौतुक पुरे, चराईबंदी बसते कोणाला ते बघा. शेळ्यावाल्याला, भूमिहीनाला. आमच्याकडच्या बऱ्याच मंडळ्यांतली माणसं तीच. विहिरीला पाणी वाढलं ते जमीनवाल्याच्या. म्हणजे बायबलवर्ग बाजूला ठेवून केलेल्या कामात मंडळीतला माणूसच सगळ्यात जास्त किंमत मोजतो, आणि त्याच्या बाजूने बोलणारा पाळक 'तटस्थ' राहायचं म्हणून गप्प!

पाणलोट
ते आधी ठरवून घ्यावं लागतं, नंतर कोणी ऐकत नाही. चर खणायच्या आधी ग्रामसभेत ठराव: बंद क्षेत्रातलं गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीन घरांचा, मजुरीची कामं आधी त्यांना, तळ्यात मासे सोडले तर ठेकाही त्यांच्याच गटाला. सगळा डोंगर एकदम बंद करायचा नाही, तुकड्या-तुकड्याने करायचा. पाळकाने बोलायचं असेल तर त्या ग्रामसभेत बोलावं, गावचा मतदार म्हणून.